पंधरा वर्षांची ओम्नी की पंधरा वर्षांची सुमो?

कराडहून कोल्हापूरच्या दिशेने निघाले, की कराड शहर संपते कोठे आणि मलकापूर सुरू होते कोठे, हे आता नवख्याला सांगता येत नाही. कृष्णा रुग्णालय, आगाशिवनगरच्या वसाहती, ढेबेवाडी फाट्यावरील दुकाने आणि महामार्गालगतची गॅरेजे यांनी हा सारा पट्टा भरून गेला आहे. येथील नोकरदार कुटुंबाला किंवा छोट्या व्यावसायिकाला पहिली चारचाकी घ्यायची झाली, तर हाताशी असलेल्या लाख-सव्वा लाखात नवी गाडी येत नाही. मग शोध सुरू होतो तो जुन्या गाडीचा. माणसेही बसावीत आणि वेळप्रसंगी मालही नेता यावा, अशी अपेक्षा असली, की दोन नावे हटकून पुढे येतात : मारुती ओम्नी आणि टाटा सुमो.

दोन्ही गाड्यांचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. त्यामुळे आज बाजारात मिळणारी प्रत्येक ओम्नी व प्रत्येक सुमो जुनीच आहे आणि २००८ ते २०१० या काळात नोंदणी झालेल्या गाड्यांनी पंधरा वर्षांचा टप्पा ओलांडला आहे. एकाच वयाच्या, जवळपास एकाच किमतीला सांगितल्या जाणाऱ्या या दोन गाड्यांत निवड करताना ग्राहक बहुधा रंग, टायर आणि किलोमीटरचा आकडा पाहतो. प्रत्यक्षात दोन्ही गाड्या म्हाताऱ्या होण्याची रीत निरनिराळी आहे. शिवाय खरेदीची किंमत एकदाच द्यावी लागते, तर पुढील पाच वर्षांचा खर्च दोन्हींच्या बाबतीत फार वेगळा येतो.

दोन घराणी

मारुतीची व्हॅन १९८४ मध्ये रस्त्यावर आली आणि १९८८ मध्ये तिला ओम्नी हे नाव मिळाले. मारुती ८०० मोटारीचेच ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे पेट्रोल इंजिन तिला दिले होते. फरक इतकाच, की ते पुढे बॉनेटखाली नसून चालकाच्या आसनाखाली आहे आणि ओढ मागील चाकांना आहे. त्यामुळे साडेतीन मीटरपेक्षाही कमी लांबीत पाच किंवा आठ माणसांची सोय झाली. डॉक्टर, बेकरीवाले, केबलवाले, मंडपवाले, शाळेची मुले ने-आण करणारे अशा सर्वांनी तिला आपापल्या कामाला जुंपले. हिंदी चित्रपटांनी मात्र तिला अपहरणाची गाडी करून टाकले, हा तिच्यावर झालेला अन्यायच म्हटला पाहिजे.

सुमो हे पुण्याचे अपत्य. टेल्को कंपनीने (२००३ पासून टाटा मोटर्स) १९९४ मध्ये ती बाजारात आणली आणि कंपनीची धुरा दीर्घकाळ सांभाळणारे सुमंत मुळगावकर यांच्या नाव-आडनावाची आद्याक्षरे जोडून तिचे नाव ठेवले. जपानी मल्लांशी या नावाचा संबंध नाही. मजबूत चासीवर बसवलेला पत्र्याचा सांगाडा, १९४८ सीसीचे डिझेल इंजिन, पाच गिअर आणि दहा माणसांची बैठक, असा तिचा मूळ आराखडा होता. २००४ मध्ये व्हिक्टा, २००८ मध्ये ग्रँड आणि त्यानंतर सुमारे तीन लिटर इंजिनाची गोल्ड, अशी रूपे बदलत ती २०१९ पर्यंत चालली. पंधरा वर्षांपूर्वीची म्हणून आज दाखवली जाणारी सुमो बहुधा व्हिक्टा असते.

पत्रा आणि चासी

कोयनेच्या खोऱ्यालगतच्या या भागात पश्चिमेकडे जावे तसा पाऊस वाढत जातो. ढेबेवाडी, पाटण, कोयनानगर या बाजूला गेली काही वर्षे फिरलेली गाडी आणि मलकापुरातच राहिलेली गाडी यांच्या पत्र्यात फरक पडतो. कुंभार्ली घाटाने चिपळूणला नित्य जाणाऱ्या गाडीला कोकणच्या दमट हवेचाही प्रसाद मिळतो.

या बाबतीत दोन गाड्यांमधील भेद मूलभूत आहे. सुमोची चासी वेगळी आहे. तिच्यावर सांगाडा बोल्टांनी बसवला आहे. दरवाजांच्या खालच्या कडा, मागचे दार, टपाची पन्हळ येथे गंज धरला, तरी गाडीच्या ताकदीला लगेच धक्का लागत नाही. पत्र्याचे काम करणारा कारागीर तुकडा कापून नवा जोडू शकतो. अर्थात चासीलाच कोठे वेल्डिंग केलेले आढळले, तर ती गाडी मोठ्या अपघातातून गेली असावी किंवा तिने पेलवेल त्याहून अधिक भार वाहिला असावा, असे धरून चालावे आणि पुढची बोलणी थांबवावीत.

ओम्नीला अशी स्वतंत्र चासी नाही. तिचा पत्रा हाच तिचा सांगाडा. म्हणून पायाखालचा पत्रा, सरकत्या दरवाजाखालची पट्टी, मागील चाकांच्या कमानी आणि मागचे पाटे जेथे अडकवलेले असतात त्या जागा गंजल्या, तर गाडीचा कणाच कमकुवत होतो. पायाखालची रबरी चटई उचलून पाहण्यास विक्रेता का-कू करू लागला, तर त्यामागचे कारण चटईखालीच असते. नुकताच दिलेला रंग आणि खालून फासलेले ताजे काळे डांबरी कोटिंग ही दोन्ही लक्षणे ओम्नीच्या बाबतीत संशयास्पद मानावीत. गंजावर फासलेले कोटिंग गंज थांबवत नाही, ते फक्त तो दिसू देत नाही.

एवढ्यापुरता विचार केला, तर सुमोचे पारडे जड आहे.

इंजिनाची पारख

इंजिनाकडे वळले, की पारडे उलट झुकते. ओम्नीचे इंजिन लहान, साधे आणि सर्वपरिचित आहे. याच जातीचे इंजिन ८०० आणि अल्टो या लाखोंनी खपलेल्या मोटारींत असल्यामुळे सुटे भाग मिळण्यास अडचण नाही आणि ते खोलू न शकणारा मिस्त्री विरळाच. इंजिन पूर्ण उतरवून नवे रिंग-पिस्टन टाकण्याची वेळ आली, तरी तो खर्च गाडीच्या किमतीला गिळून टाकत नाही. पुढची आसने उलटवली, की इंजिन समोर येते. त्यामुळे पाहणीही सोपी.

तिचा शत्रू म्हणजे उष्णता. रेडिएटर पुढे आणि इंजिन आसनाखाली, त्यामुळे पाण्याचे पाइप गाडीच्या पोटाखालून लांबवर जातात. त्यातील एखादा झिरपू लागला आणि चालकाचे लक्ष नसले, तर इंजिन तापून हेड गॅस्केट जाते. इंजिन थंड असताना रेडिएटरचे झाकण काढून पाहावे. पाण्यावर तेलाचा तवंग किंवा ऑइलमध्ये दुधाळ फेस दिसल्यास हा अपघात होऊन गेला आहे असे समजावे. टायमिंग बेल्ट केव्हा बदलला, याचे उत्तर विक्रेत्याला देता आले नाही, तर तो बदलण्याचा खर्च किमतीत धरूनच बोलणी करावीत.

गॅसचा प्रश्न स्वतंत्र आहे. कारखान्यातूनच एलपीजीची जोडणी असलेल्या ओम्नी मिळत असत. बाहेर बसवून घेतलेले गॅस किटही चालते, पण त्याची नोंद आरसी पुस्तकात हवी. घरगुती सिलिंडरमधून गॅस भरून चालवलेल्या व्हॅन पूर्वी अनेक ठिकाणी पकडल्या गेल्या आहेत आणि काही पेटल्याही आहेत. मागच्या आसनाखाली टाकी काढून टाकल्याच्या खुणा, बुजवलेली भोके, अर्धवट तोडलेली नळी दिसली, तर ती गाडी कितीही स्वस्त असली तरी नको म्हणणे शहाणपणाचे.

सुमोचे डिझेल इंजिन दीर्घायुषी असले, तरी त्याचे दुखणे महाग असते. पंप आणि नोझल हा त्यातील नाजूक भाग. त्याचे काम साध्या गॅरेजात होत नाही, त्यासाठी पंपाचे खास कारागीर लागतात. सुमो पाहण्यास सकाळी लवकर आणि न कळवता जावे, असे सांगितले जाते त्याचे कारण हेच. रात्रभर थंड राहिलेले इंजिन पहिल्या-दुसऱ्या फेऱ्यात सुरू होते की बराच वेळ कण्हत राहते, यावरून त्याची प्रकृती कळते. सुरू झाल्यावर क्षणभर येणाऱ्या धुराची काळजी नको. मात्र गरम झाल्यानंतरही निळसर धूर येत राहिला, तर इंजिन ऑइल खाते आहे. काळा धूर आला, तर दोष पंप, नोझल किंवा एअर फिल्टरमध्ये असतो. ऑइल भरण्याचे झाकण उघडताच आतून भकाभका वाफ येऊ लागली, तर मिस्त्री ज्याला 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात तो प्रकार आहे आणि मोठा खर्च दारात उभा आहे.

सुमोची दुसरी परीक्षा पुढच्या चाकांत आणि स्टेअरिंगमध्ये होते. ओम्नीच्या दुपटीहून अधिक वजन पेलणारे बुश आणि बॉल जॉइंट झिजतात. मग टायर एका बाजूने खाल्ले जातात आणि ताशी साठच्या पुढे स्टेअरिंग थरथरू लागते. क्लच टाकताना पाय दुखू लागला किंवा गिअर टाकल्यावर खालून 'खट्' असा आवाज आला, तर क्लच प्लेट आणि प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस तपासून घ्यावेत.

या भागातील सुमोबद्दल आणखी एक चौकशी करावी लागते, ती म्हणजे गाडी वडापला होती काय? सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांत फाट्याफाट्यांवरून प्रवासी भरून धावणाऱ्या गाड्यांना वडाप म्हणतात. जीप आणि ट्रॅक्स यांच्याबरोबर सुमोनेही हे काम पुष्कळ केले. दहा जणांच्या गाडीत चौदा-पंधरा माणसे आणि टपावर बोचकी, अशा तऱ्हेने दिवसातून आठ फेऱ्या मारलेली गाडी आणि वर्षातून दोनदा जोतिबाला व पालच्या खंडोबाला जाऊन आलेली घरची गाडी यांचे वय कागदावर सारखेच दिसते. फरक कळतो तो पेडलच्या झिजलेल्या रबरावरून, मागच्या बाकांच्या चौकटीवरून आणि पाट्यांना घातलेल्या जादा पट्ट्यांवरून. किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नये. ओम्नीच्या बाबतीत हाच प्रश्न शाळेच्या फेऱ्यांबद्दल विचारावा.

स्वस्त डिझेलचे दिवस

सुमो घेण्यामागे एके काळी एक भक्कम कारण होते. डिझेल पेट्रोलपेक्षा पुष्कळ स्वस्त होते. पेट्रोलचे दर २०१० मध्ये आणि डिझेलचे २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले आणि दोन्हींमधील अंतर झपाट्याने कमी झाले. डिझेल गाडी म्हणजे बचत, हे समीकरण मात्र अनेकांच्या मनात अजून जुन्याच दराने चालू आहे.

हिशेब करून पाहता येतो. पेट्रोल लिटरला १०५ रुपये व डिझेल ९२ रुपये धरले आणि जुन्या ओम्नीला लिटरमागे १४ तर जुन्या सुमोला ११ किलोमीटर मिळतात असे मानले, तर ओम्नीचा इंधनखर्च किलोमीटरला साडेसात रुपये येतो आणि सुमोचा सुमारे ८ रुपये ३६ पैसे. हेच डिझेल पूर्वीप्रमाणे पेट्रोलच्या दोन-तृतीयांश दराने, म्हणजे ७० रुपयांना मिळाले असते, तर सुमोचा खर्च साडेसहा रुपयांच्या आत राहिला असता. वर्षाला सहा हजार किलोमीटर फिरणाऱ्या कुटुंबाला आज सुमोसाठी सुमारे पाच हजार रुपये जास्त मोजावे लागतात. अर्थात गाडीत माणसे किती, यावर हे गणित फिरते. आठ जण बसले, तर सुमोचा खर्च माणशी रुपयाच्या आसपास येतो. ओम्नीत पाच जण बसले, तरी तो दीड रुपया पडतो. भरलेली सुमो स्वस्त आणि रिकामी सुमो महाग, हे खरे.

इंधनापेक्षाही मोठा फरक विम्यात आहे आणि त्याकडे खरेदीच्या वेळी सहसा कोणी पाहत नाही. जुन्या गाडीचा बहुतेक जण फक्त तृतीय पक्ष विमा उतरवतात. त्याचे दर इंजिनाच्या आकारावर ठरतात. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे खासगी मोटारीला एक हजार सीसीपर्यंत वर्षाला २ हजार ९४ रुपये, तर दीड हजार सीसीच्या वर ७ हजार ८९७ रुपये हप्ता आहे, कर वेगळा. ओम्नी पहिल्या गटात बसते, सुमो शेवटच्या. वर्षाला ५ हजार ८०३ रुपये, म्हणजे पाच वर्षांत २९ हजार रुपयांहून अधिक फरक! लाखभराच्या गाडीच्या हिशेबात ही रक्कम किरकोळ नाही. सुमो वीस हजारांनी स्वस्त मिळाली म्हणून समाधान मानणाऱ्याने हा आकडा पुढे मांडून पाहावा.

पुन्हा नोंदणी

खासगी वाहनाची पहिली नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. त्यानंतर वाहन कार्यालयात दाखवून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करून घ्यावे लागते. बोलीभाषेत यालाच पासिंग म्हणतात. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० वरून ५ हजार रुपयांवर गेले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते १० हजार रुपये करण्यात आले. याशिवाय महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरील वाहनांना पर्यावरण कर भरावा लागतो. मुदत टळून गेलेली असेल, तर विलंबाचा दंडही चढत जातो. म्हणजे २००९ ची गाडी आज घेताना पहिले पासिंग झाले आहे काय, झाले असल्यास ते किती काळ पुरेल आणि पुढचे पासिंग वाढीव शुल्काने करावे लागणार काय, हे प्रश्न किमतीच्या आधी विचारले पाहिजेत. शुल्के वारंवार बदलत असल्याने भरण्यापूर्वी ताजा आकडा पाहून घ्यावा.

दहा वर्षांनंतर डिझेल गाडी बंद होते, असे अनेकांना वाटते. हा निर्बंध राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशानुसार दिल्ली व परिसरापुरता आला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. महाराष्ट्रात अशी सरसकट वयोमर्यादा नाही. या गैरसमजाचा लाभ घेऊन सुमो पडत्या भावात मागणारे दलाल भेटतात, तसे दिल्लीकडून स्वस्तात आणलेल्या गाड्या विकणारेही भेटतात. परराज्यातील गाडी घेतली, तर ना-हरकत प्रमाणपत्र, येथील कर आणि नवा क्रमांक हे सारे सोपस्कार आले. पहिल्याच जुन्या गाडीला हा व्याप कोणी करू नये.

येथील जुन्या गाड्यांवर बहुधा एमएच ११, म्हणजे साताऱ्याचा क्रमांक दिसतो. पुढे कराडच्या कार्यालयाला एमएच ५० ही मालिका मिळाली. सांगलीकडून आलेली गाडी एमएच १० असते. क्रमांक कोणताही असो, आरसी पुस्तकावरील चासी व इंजिन क्रमांक गाडीवरील कोरलेल्या क्रमांकांशी अक्षरशः जुळवून पाहावेत. गाडीवर कर्जाचा बोजा असेल, तर तो उतरवल्याची नोंद झालेली हवी. कर्ज फिटल्याचे तोंडी आश्वासन पुरेसे नाही. फार जुन्या गाडीची माहिती ऑनलाइन दिसत नसेल, तर संगणकीकरणापूर्वीची नोंद भरून घेण्याचे काम विक्रेत्यानेच करून द्यावे. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बंधनकारक झाली आहे, तीही बसवली आहे काय हे पाहावे. महाराष्ट्रात मलकापूर नावाची आणखीही गावे आहेत, कोल्हापूर जिल्ह्यात एक आणि बुलढाण्यात एक. कागदावरील पत्ता वाचताना तालुका पाहण्याची सवय असावी.

मालकी हस्तांतर हा यातील सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत धोकादायक भाग आहे. जुन्या गाड्यांच्या व्यवहारात नमुना २९ व ३० वर विक्रेत्याची सही घेऊन ते कोरेच ठेवण्याची रीत पडली आहे. गाडी दलालाकडून दलालाकडे फिरते, कागद मात्र पहिल्याच मालकाच्या नावे राहतात. कायद्याने राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विक्रेत्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचे असते. न कळवल्यास काय होते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केले. विकलेली मोटार पुढे अनेक हातांतून गेली होती. २००९ मध्ये तिला अपघात झाला तेव्हा नोंदणी मूळ मालकाच्याच नावे होती. नोंदणी ज्याच्या नावे तोच मालक आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. त्यामुळे आपली ओम्नी किंवा सुमो विकणाऱ्यालाही हस्तांतर पूर्ण होईपर्यंत स्वस्थ बसता येत नाही. विमा घेणाऱ्याच्या नावे करून घेण्यासाठी १४ दिवसांची मुदत असते. विक्रेत्याला मिळालेली 'नो क्लेम'ची सवलत गाडीबरोबर येत नाही, ती विक्रेत्याकडेच राहते.

कोणाला कोणती

मलकापूर-कराडातील दुकान, डबे पोहोचवण्याचा किंवा खानावळीचा व्यवसाय, मंडईतून भाजी आणणे, चार माणसांचे कुटुंब आणि महिन्याकाठी एखादी साताऱ्याची फेरी, अशा कामाला ओम्नीच योग्य. बाजारपेठेच्या गल्लीत ती मोजक्या जागेत वळते. विमा आणि दुरुस्ती या दोन्ही बाजूंनी ती झेपते. आठ माणसे भरून खंबाटकीचा घाट चढवण्याचा मात्र तिच्याकडून आग्रह धरू नये. सुमारे ३५ अश्वशक्तीचे इंजिन घाटात धापा टाकते आणि वर सांगितलेले तापण्याचे दुखणे तेथेच उद्भवते.

विंग, ढेबेवाडीच्या बाजूला शेत आणि घर असलेले एकत्र कुटुंब, खराब रस्ता, खताची पोती आणि सात-आठ माणसांचा राबता असेल, तर सुमोला पर्याय नाही. ती उंच आहे, भार पेलते आणि पावसाळ्यात ओढ्यावरच्या फरशीवरूनही निश्चिंतपणे जाते. पण महिन्यातून दोनदाच बाहेर काढायची असेल, तर ती दारात उभी राहून खर्च मागत राहते. बॅटरी उतरते, डिझेलची नळी हवा धरते आणि विम्याचा हप्ता ठरल्या दिवशी येतोच.

सुरक्षिततेच्या बाबतीत दोन्हींकडून फार अपेक्षा ठेवता येणार नाही. पंधरा वर्षांपूर्वीच्या ओम्नीत किंवा व्हिक्टात एअरबॅग नाहीत. अपघात-चाचणीचे नवे निकष २०१९ पासून सर्व गाड्यांना लागू होणार म्हणूनच ओम्नीचे उत्पादन गुंडाळण्यात आले. तिच्या चालकाचे गुडघे आणि समोरची गाडी यांच्यामध्ये पत्र्याखेरीज फारसे काही नसते. सुमो जड असली, तरी उंचीमुळे वळणावर झुकते आणि तिच्या मागच्या आडव्या बाकांवर बसलेल्यांना पट्टे नसतात. महामार्गाच्या सहापदरीकरणाच्या कामात २०२३ नंतर मलकापुरातील वाहतूक बराच काळ सेवारस्त्यांवर वळवावी लागली. त्या गर्दीत अवजड ट्रकच्या मागे-पुढे चालताना ब्रेक किती अंतरात लागतात, हे दोन्ही गाड्यांच्या बाबतीत महत्त्वाचे ठरते. चाचणी फेरीसाठी मोकळ्या पटांगणाऐवजी ढेबेवाडी रस्ता निवडावा, गाडीत चार माणसे बसवावीत आणि सोबत आपल्या ओळखीचा मिस्त्री न्यावा. विक्रेत्याने सुचवलेला मिस्त्री नको.